बोक्याची गोळी कितीला पडते?

मुंबईत गिरगावातल्या खोताच्या वाडीत मांजरांना घर नसतं, ओटे असतात. सकाळी एका ओट्यावर दूध, दुपारी पलीकडच्या ओट्यावर बोंबलाचं डोकं, रात्री तिसऱ्याच घराच्या लाकडी जिन्याखाली झोप. त्यामुळे मांजर आजारी पडलं की ते कुणाचं हा प्रश्न येतो, आणि औषधाचे पैसे कोण देणार हा त्याच्या पाठोपाठ. आमच्या पिवळ्या बोक्यापुरते ते पैसे मी देते. गेल्या वर्षी एका रविवारी मी त्याच्या औषधात दोनशे चाळीस रुपये वाचवले आणि त्या बचतीपायी सव्वासहा हजार घालवले.

झालं असं की बोक्याला पिसवा झाल्या होत्या. मानेवर सोडायच्या थेंबांची मांजरांसाठीची नळी ४५० रुपयांना मिळते हे मला ठाऊक होतं. प्राण्यांचं खाणं, पट्टे, शाम्पू विकणाऱ्या एका दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "काकू, कुत्र्याची घ्या, २१० ला आहे. औषध एकच असतं, अर्धीच घाला." मी घेतली. बिल त्यानं दिलं नाही, मीही मागितलं नाही. दुपारी थेंब सोडले. दिवेलागणीला बोक्याचे कान फडफडायला लागले, मग अंगाला थरथर सुटली, तोंडातून लाळ गळू लागली. डॉक्टरांना फोन लावला तर त्यांचं पहिलं वाक्य, "नळीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा." समोरच्या आंटीनं भिंग आणलं. लिहिलं होतं परमेथ्रिन. कुत्र्याच्या गोचिडांवर ते उत्तम चालतं. मांजराच्या यकृताला मात्र ते पचवून बाहेर टाकता येत नाही. "कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण कालवून मान धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि निघा." दोन रात्री दवाखान्यात, सलाईन, झटके थांबवणारी इंजेक्शनं. बोका वाचला. आता तो माझ्या ओट्याकडे फिरकत नाही, ते सोडा.

पुढचा महिनाभर मी हा प्रांत जरा धुंडाळला. दुकानांच्या भिंती वाचल्या, औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं वाचली, ओळखीच्या केमिस्टला चहा पाजून नियम विचारले.

मागितलं की मिळतं, म्हणून ते ओटीसी नव्हे

जनावरांच्या औषधांच्या विक्रीला आपल्याकडे वेगळा कायदा नाही. १९४० चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम माणसाच्या आणि जनावराच्या औषधाला सारखेच लागू आहेत. म्हणजे मांजराची जंताची गोळी विकायलाही औषधविक्रीचा परवाना लागतो. आणि गंमत म्हणजे ज्याला आपण सर्रास 'ओटीसी' (ओव्हर द काउंटर, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारं) म्हणतो, तशी यादीच या कायद्यात नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय काय विकायचं नाही ते लिहून ठेवलंय: शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स. त्यात जे नाही, ते उरलेलं म्हणजे ओटीसी.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण अल्बेंडाझोलचं उदाहरण घ्या. जंतावरचं हे औषध गिरगावात भेळेसारखं मागून मिळतं. ते शेड्यूल एच मध्ये आहे. त्यामुळे दुकानदार "द्या हो, साधी जंताची गोळी आहे" म्हणाला तरी त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका, पट्टी उलटी करा. डावीकडे वरच्या कोपऱ्यात आरएक्स ही खूण असेल तर ती चिठ्ठीवरचीच गोळी. लाल चौकट आणि लाल आरएक्स असेल तर एच-१. या वर्गातली प्रत्येक विक्री दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं.

मग चिठ्ठीशिवाय हक्कानं काय घेता येतं? जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन, कान पुसायचं द्रावण, खूण नसलेले पिसवांचे फवारे, औषधी शाम्पू, अशी मोजकीच वरवरची मलमपट्टी. 'फीड सप्लिमेंट' लिहिलेल्या कॅल्शियमच्या आणि केसांच्या बाटल्या औषधात मोडत नाहीत, त्या कुठेही मिळतात. आयुर्वेदिक औषधाच्या विक्रीलाही परवाना लागत नाही. पण फीड सप्लिमेंट म्हणून विकलेली बाटली आजार बरा करण्याचा दावा करत असेल तर ती खाली ठेवा. औषध असतं तर परवाना लागला असता, आणि नाही तर दावा खोटा.

खोकं वाचा, मग भिंत वाचा

खास जनावरांसाठी तयार केलेल्या औषधावर दोन गोष्टी छापलेल्या असायलाच हव्यात: 'माणसांच्या वापरासाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी' अशा अर्थाची ओळ आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्र. चित्रात बहुधा गाय असते, म्हणून हे गुरांचंच औषध असं समजून घाबरू नका. खरी माहिती त्याच्या खाली असते: कोणत्या प्राण्याला, किती किलोच्या, किती वयाच्या. मी तेवढंच वाचलं नव्हतं. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख दिसत नसेल, पट्टी नेमकी तिथंच कापलेली असेल, तर ती घेऊ नका.

मग दुकान. परवाना ग्राहकाला दिसेल अशा जागी लावणं ही परवान्याचीच अट आहे. गणपतीच्या तसबिरीमागे असेल तर मान वाकडी करून बघा. फॉर्म २० आणि २१ हे किरकोळ विक्रीचे पूर्ण परवाने. लशी आणि तत्सम जैविक औषधं २१ मध्ये येतात. आणखी एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. जनावरांची औषधं माणसांच्या औषधांत मिसळून ठेवता येत नाहीत. त्यांच्यासाठी राखीव कपाट किंवा खण हवा, नाही तर ग्राहकाला जाता येणार नाही असा दुकानाचा वेगळा भाग. कुत्र्याची गोळी बीपीच्या गोळ्यांशेजारून निघाली तर समजा, दुकान गचाळ आहे.

प्राणी विकणाऱ्या दुकानाकडे २०१८ च्या नियमांखाली पेट शॉपची नोंदणी असते. ती प्राणी ठेवण्या-विकण्याची. औषधाशी तिचा काही संबंध नाही. फ्रेम तीच, कागद वेगळा, आणि बऱ्याच दुकानांचं याच भरवशावर चालतं.

चिठ्ठीबद्दल एक मजा सांगते. जनावराचं औषध असेल तर चिठ्ठीवर त्याच्या मालकाचं नाव आणि पत्ता हवा, असा नियम आहे. दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, "मालक?" मी जरा थांबले. मग म्हटलं, लिहा माझं. तीन ओट्यांवर जेवणारा बोका त्या रात्री सरकारी नियमानं माझा झाला.

दर काय?

खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत, गेल्या वर्ष-दीड वर्षात गिरगाव, प्रिन्सेस स्ट्रीट आणि परळ इथं मी स्वतः मोजलेले किंवा विचारून लिहिलेले. कंपनीप्रमाणे मागेपुढे होतील.

जंताची गोळी, कुत्र्यासाठी दहा किलोला एक: ४० ते १३० रुपये. मांजराची वेगळी गोळी साधारण तेवढ्यालाच. मांजरांसाठीच्या थेंबांची एक नळी ३०० ते ६०० रुपये. पिसवांवरच्या फिप्रोनिलचा १०० मिलीचा फवारा ३५० ते ६००, आणि घरात ससा असेल तर हा फवारा आणूच नका, सशाला तो विषारी आहे. गोचिडांवरची महिनाभर पुरणारी चघळायची गोळी कुत्र्याच्या वजनानुसार ६०० ते १३००. ती बहुतेक चिठ्ठीवरचीच असते. कानाचं द्रावण अडीचशे ते पाचशे, आयोडीनचं मलम शंभराच्या आसपास. खासगी डॉक्टरांची तपासणी ५०० ते १०००, रेबीजची लस टोचून ३०० ते ६००.

२२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, जनावरांच्या औषधांवरचाही. कुत्र्या-मांजराचं तयार खाणं मात्र १८ टक्क्यांतच राहिलं. छापील किमतीवर 'टॅक्स वेगळा' मागणाऱ्याला सरळ सांगा, एमआरपीत सगळे कर धरलेले असतात.

डॉक्टरांचे पाचशे वाचवायचे म्हणून आपण दुकानात धावतो. त्याआधी परळ आठवा. बॉम्बे एसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था १८७४ ची. तिचं बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही तिथं एकाच आवारात आहेत. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो. वाडीतून टॅक्सीला सव्वाशे-दीडशे रुपये, मांजर झाकलेल्या टोपलीत असेल तर. उघडं असेल तर टॅक्सी थांबतच नाही.

आणि एक खर्च पूर्ण फुकट आहे, तोच कुणी करत नाही: वजन. बोक्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटं उभं राहा, वजाबाकी करा. आमचा बोका मला 'सहा-सात किलोचा' वाटायचा. भरला चार किलो दोनशे. दहा किलोची कुत्र्याची गोळी अंदाजानं 'अर्धी' मोडली असती, तर पाच किलोचा डोस गेला असता. जंताच्या काही गोळ्यांत एवढं जास्त झालेलं खपतं, काहींत नाही. अंदाजाचं औषध स्वस्त पडत नाही.

घरातला डबा

दुकानापेक्षा धोका कधीकधी आपल्याच फडताळात असतो. मांजर तापलं म्हणून पॅरासिटामॉल देणारी सुशिक्षित माणसं मी पाहिली आहेत. माणसाची पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन कुत्र्यालाही नको, त्यानं पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात. केमिस्टनं माणसाची गोळी 'प्राण्यालाही चालते' म्हणून दिली, तर तो दुकानदार म्हणून नव्हे, शेजारी म्हणून बोलतोय असं समजा.

लस दुकानातून आणून घरी टोचण्याचाही प्रकार चालतो. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. मे महिन्यात पिशवीत घालून दुकान ते घर आणलेली लस टोचली की समाधान मिळतं, संरक्षण मिळेलच असं नाही. शिवाय डॉक्टरांच्या सहीचा दाखला मिळत नाही. कुत्रं किंवा मांजर माणसाला चावलं तर तिथं बचतीचा विषयच काढू नका. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि तडक महापालिकेच्या रुग्णालयात जा. वाडीला नायर जवळ. तिथं रेबीजची लस मोफत आहे.

एक चुकीचं औषध किती लांब जातं, याचा पुरावा आमच्या वाडीपासून फार दूर नाही. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीवर, पारशी जिथं मृतदेह गिधाडांसाठी ठेवत तिथं, एकेकाळी गिधाडं घिरट्या घालायची. आमच्या आजीच्या पिढीनं ती गच्चीवरून पाहिली आहेत. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचलं जायचं. अशी गुरं मेली की त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. देशातली गिधाडं जवळजवळ संपली आणि पारशी समाजाला मृतदेहांसाठी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्यांतून ते गुरांना जातच राहिलं, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनचीही बाटली ३ मिलीपुरती मर्यादित करावी लागली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांनाही जनावरांसाठी मनाई झाली. गुरासाठी यांतलं काहीही कुणी काउंटरवरून काढून दिलं, तर ते बेकायदा आहे.

विकायचं असेल तर

वाडीतलाच एक मुलगा कुत्र्या-मांजराचं खाणं विकतो. परवा विचारत होता, "काकू, जंताच्या गोळ्या आणि पिसवांची औषधं ठेवू का? रोज चारजण मागतात." त्याला जो हिशोब सांगितला तोच इथं मांडते.

पूर्ण परवान्यासाठी अर्जाची फी फॉर्म २० आणि २१ प्रत्येकी १५०० रुपये, म्हणजे दोन्हींचे मिळून ३०००. अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे, ऑनलाइन. परवाना रद्द होईपर्यंत चालतो, फक्त दर पाच वर्षांनी तो चालू ठेवण्याची फी भरायची. इथवर सगळं स्वस्त. खरा खर्च पुढे. जागा किमान १० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०८ चौरस फूट. दादोबा वामन खोतांनी आखलेल्या या गल्लीत एकेकाळी ६५ घरं होती म्हणतात, आता त्यांच्या निम्मीही उरली नाहीत. त्यात मोकळा १०८ फुटांचा गाळा कुठून काढणार? मग फ्रीज, लस ठेवायची तर तापमानाची नोंद. आणि सगळ्यात मोठा आकडा नोंदणीकृत फार्मासिस्टचा पगार. महिन्याला पंचवीस हजार धरा. औषधावर वीस टक्के सुटतात असं धरलं, तर नुसता तो पगार निघायला महिन्याला सव्वा लाखाची औषधं विकायला हवीत. वाडीतली सगळी मांजरं रोज आजारी पडली तरी ते जमायचं नाही. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्यानं भिंतीला टांगणारे आहेत. तपासणीला निरीक्षक आले आणि माणूस जागेवर नसला की परवाना निलंबित होतो. त्या वाटेला जाऊ नकोस म्हटलं.

त्याच्यासाठी मधली वाट आहे, तिचं नाव फॉर्म २०-ए. हा मर्यादित परवाना. फार्मासिस्ट लागत नाही, अर्जाची फी ५०० रुपये. अटी कडक: फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय विकता येतील तेवढीच औषधं ठेवायची, कंपनीच्या मूळ वेष्टनातच विकायची आणि परवानाधारकाकडूनच खरेदी करायची. म्हणजे पट्टी कापून दोन गोळ्या द्यायच्या नाहीत, मोठ्या बाटलीतलं छोट्या बाटलीत ओतून द्यायचं नाही. जागा साठवणीला योग्य आहे की नाही हे अधिकारी ठरवतात, त्यामुळे परवाना मिळेलच असं गृहीत धरून माल भरू नये. घाऊक बाजार पाच-दहा मिनिटांवर, प्रिन्सेस स्ट्रीटला. तिथं परवान्याची प्रत द्यायची आणि पक्कं बिल घ्यायचं. कच्च्या चिठ्ठीवर दोन टक्के स्वस्त मिळालेला माल बनावट निघाला, तर कुठून आणला हे सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची.

आणि परवान्याशिवाय विकलं तर? कलम २७ प्रमाणे किमान तीन, कमाल पाच वर्षं कैद, आणि किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल तेवढा दंड. ४० रुपयांच्या गोळीसाठी. हे ऐकून तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आयोडीन तरी?" आयोडीनलाही परवाना, बाबा. सध्या तो येणाऱ्याला कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे पाठवतो. केमिस्ट त्याच्या दुकानाची जाहिरात काउंटरवर ठेवतो. दोघांचं बरं चाललंय.

फसलात तर

अन्न व औषध प्रशासनाचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. दुकानाचं नाव, औषधाचं नाव, बॅच क्रमांक, तारीख सांगा. पैशाची फसवणूक असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. औषधच बनावट असल्याचा संशय असेल तर कलम २६ प्रमाणे कुणीही साधा माणूस ठरलेली फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. हा हक्क वापरणारं जवळजवळ कुणी नाही.

मीही वापरला नाही. बोक्याला दवाखान्यात ठेवून त्या रात्री घरी आले, तेव्हा राग अनावर झाला आणि ती नळी मी कचऱ्याच्या गाडीत भिरकावली. बिल नव्हतंच. तक्रार लिहायला बसले तर हातात काहीच नाही, ना बॅच, ना पुरावा, आणि दुकानदार म्हणाला, "काकू, तुम्ही माझ्याकडून घेतलंच नव्हतं." म्हणून एवढंच सांगते. दोनशे रुपयांचं औषध असलं तरी बिल मागा, आणि जनावर खडखडीत बरं होईपर्यंत रिकामी नळी किंवा बाटली टाकू नका.